कुंडलिककाकांच्या एकेचाळीस ओळी

डोंबिवली (पूर्व), रविवार

आदरणीय शालनआत्यांना प्रियांकाचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. आम्ही सगळे मजेत आहोत. मी तर जरा फुशारलेलीच आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहिते (फोनवर तुम्ही मध्येच "जेवलीस का?" विचारता आणि माझा मुद्दा राहून जातो).

वर्तकनगरच्या विहारातलं वाचनालय कुंडलिककाका चालवतात, जन्मभर सरकारी कचेरीत अर्ज तपासलेले गृहस्थ. तिथला कॉम्प्युटर मी बसवून दिला. पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं त्यावरचं सॉफ्टवेअर जगात कोणालाही सहज बसवता यावं म्हणून त्याचं पॅकेज मी हौसेने बांधते. (आई शेजारी सांगते की मी पॅकिंगचं काम करते.)

या सॉफ्टवेअरला सेटिंगची एक फाईल लागते: वाचनालयाचं नाव, संपर्काचा नंबर, कोणाला पुस्तक किती दिवस. पॅकेजबरोबर मी तिचा नमुना देते. काकांनी तीन वर्षांत त्यात स्वतःच्या एकेचाळीस ओळी घातलेल्या. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पुस्तक परीक्षा होईपर्यंत, रात्रपाळीवाल्यांना दुप्पट मुदत, असं.

मार्चमध्ये मी पॅकेजची नवी आवृत्ती काढली, ऐटीत विहारात जाऊन बसवली, आणि तिने काकांची फाईल पुसून तिथे माझा नमुना ठेवला. नाव झालं 'अमुक वाचनालय', मुदत सगळ्यांना सात दिवस. दुपारपर्यंत बत्तीस जणांना 'पुस्तक परत करा' असे मेसेज गेले. परीक्षा दहा दिवसांवर. संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर मुलं जाडजूड पुस्तकं घेऊन रांगेत उभी. कल्पिता नावाची मुलगी तर रडवेली, तिचा अर्धा इतिहास वाचायचा राहिलेला. (बॅकअप होता का, हे कृपया विचारू नका.)

काका ओरडले नाहीत. मुलांना पुस्तकांसकट घरी पाठवलं, कोरे कागद घेतले आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी आठवून लिहिल्या, प्रत्येकीपुढे कारण देऊन. मग म्हणाले, "प्रियांका, आमच्या कचेरीत भिंतीवर नमुना अर्ज लावलेला असायचा. लोक तो बघून आपापला भरायचे. कोणाचा भरलेला अर्ज फाडून त्या जागी नमुना लावलेला मी तरी पाहिला नाही."

आत्या, त्याच आठवड्यात मी पॅकेज दुरुस्त केलं. आता नमुना वेगळ्या फोल्डरात राहतो. सेटिंगची फाईल नसेल तरच त्याची प्रत तिच्या जागी जाते. असेल तर तिला हात लागत नाही. पॅकेज काढून टाकलं तरी, माणसाने फाईलीत एक अक्षर जरी बदललेलं असेल तर ती शाबूत राहते. माझं काम तपासणारे परदेशी गृहस्थ एरवी ओळीओळीत खोट काढतात. या वेळी त्यांनी फक्त 'उत्तम' लिहिलं. त्याची प्रिंट काकांनी नोटीस बोर्डावर लावली आहे, कल्पिताच्या निकालाशेजारी. ती पास झाली.

तुमची,
प्रियांका

ता. क. : नव्या नमुन्यात मी काकांचीच फाईल घातली, फार सुंदर होती म्हणून. त्यात संपर्काचा नंबरही काकांचाच राहिला. ज्या वाचनालयांनी तो बदलला नाही, त्यांच्या वाचकांना मुदत संपली की काकांचा नंबर जातो. आतापर्यंत सात देशांतून फोन आले. तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. काकांना फोनवर वाचून सांगता यावं म्हणून "सावकाश वाचा, झालं की परत करा" एवढं इंग्रजीत, देवनागरी उच्चारासकट, मोठ्या अक्षरांत लिहून पाठवाल का?

ता. क. २ : नंबर वगळलेली आवृत्ती तयार आहे. काका काढू देत नाहीत.