पिवळी वायर कुठे लावायची

ता. ४ जून

चि. खटपट्यास ताईचे अ. उ. आ.

नव्या जागेत येऊन आठवडा झाला. दोनच खोल्या आहेत, पण उजेड भरपूर. सामान आणणाऱ्यांनी टीव्ही, प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर सगळं सुटं करून आणलं आणि वायरींचा गुंता माझ्या पुढ्यात टाकून गेले. तेव्हापासून घर मुकं आहे. तुला ठाऊक आहे, मोठ्या स्पीकरशिवाय मला काही ऐकू येत नाही, म्हणून तर फोन सोडून पत्र लिहिते.

तुझ्यासारखा मेकॅनिक भाऊ असताना मी परक्याला बोलवायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुठली वायर कुठे, ते कागदावर लिहून पाठव. सौ. चिमणीला माझी आठवण सांग. तुझा लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

ताई

ता. ११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अगं, हे तर डाव्या हाताचं काम. पिवळी वायर चित्राची. प्लेअरवर जिथे आउट लिहिलंय तिथे एक टोक घाल, दुसरं टोक टीव्हीच्या आउटमध्ये. लाल आणि पांढरी आवाजाच्या, त्याही तशाच. टीव्हीच्या मागे हात पोचणार नाही, तेव्हा भावोजींना पिन धरायला सांग. त्यांना घाई फार, एवढं सांभाळ.

दुकान ठीक चाललंय. काम कमी आहे, पण बसतो. लोभ कमी करू नकोस.

खटपट्या

ता. १८ जून

चि. खटपट्यास अ. उ. आ.

तू लिहिलंस तसं सगळं लावलं. चित्र नाही, आवाज नाही. शेजारी एक निवृत्त कंडक्टर राहतात, त्यांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, दोन्ही दारांतून माणसं उतरायलाच लागली तर गाडी भरणार कशी. मला हसू आलं, पण तुला कोणी हसलेलं आवडलं नाही.

आणि भावोजींना पिन धरायला सांग, हे काय लिहिलंस? त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तूच तेव्हा महिनाभर माझ्याजवळ राहिला होतास. पत्र घाईत लिहिलंस का? रागावले नाही, पण जिवाला चैन नाही. लवकर लिही.

ताई

ता. २५ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांच्या आधी माझ्या हाती आलं आणि मी ते लपवलं. माफ करा. किती दिवस तुम्हाला लिहू म्हणत होते, धीर झाला नाही.

यांना विसर पडतोय. मार्च महिन्यात एका गिऱ्हाइकाचा सेट खोलला आणि परत जोडताच येईना. चार दिवस तो टेबलावर उघडाच पडला होता. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, आता दुकान बंद करा. यांना दुकान बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रोज जातात, कुलूप काढतात, रिकाम्या टेबलाशी बसतात आणि येतात.

गेल्या रविवारी घरातल्या टीव्हीच्या सगळ्या वायरी काढून ठेवल्या. साफ करतो म्हणाले. तेव्हापासून समोर बसून एकेक वायर हातात घेऊन बघतात. मी कोणाला बोलवू म्हटलं तर ताट सोडून उठले. माझ्या घरात मेकॅनिक आणणार का, म्हणाले. वन्सं, चूक झाली असं यांना कळवू नका. मला तुमच्याशिवाय कोण आहे?

चिमणी

ता. २ जुलै

चि. सौ. चिमणीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. लहानपणी घरातलं घड्याळ खोलून ठेवायचा आणि मार चुकवून परत जोडायचा, तो हा आमचा खटपट्या. एकटी सोसत बसलीस, याचा मात्र राग आला. पुढच्या महिन्यात येते, कायमचं राहायला लागलं तरी राहीन.

काल टीव्हीचं कपाट भिंतीपासून ओढलं, तर त्याच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला सापडला. बारा वर्षांपूर्वी हे सामान घेतलं तेव्हा त्यानेच काढून दिलेलं चित्र, पिवळ्या आणि लाल पेन्सिलीने. त्यावरून माझं सगळं पाच मिनिटांत लागलं. तुमच्याकडेही तेच सामान आहे, त्याने जोडीनेच घेतलं होतं. कागद सोबत पाठवते. कोणी काढलाय हे सांगू नकोस, नुसता त्याच्यासमोर ठेव. आपलं अक्षर ओळखतो का, ते मला बघायचंय. माझा सेट लागला, एवढं त्याला सांग.

ताई

ता. १० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू पाठवलेला कागद चिमणीने दिला. त्यात बघून वायरी लावल्या आणि चित्र आलं, आवाजही आला. चिमणी उगाच रडली.

ताई, हा कागद काढणारा माणूस जाणता आहे. आउटकडून इनकडे बाण, प्रत्येक पिनेला तिचा रंग, कुठे खाडाखोड नाही. खाली लिहिलंय, ताई, आधी बटण बंद कर, मग चहा पी, मग वायरींना हात लाव. तोही तुला ताईच म्हणतो, म्हणजे घरातल्यासारखा असणार. त्याचं नाव मला कळव. दुकान त्याच्या हवाली करावं म्हणतो. माझ्याच्याने आता होत नाही. हे फक्त तुला सांगतोय, चिमणीला बोलू नकोस, ती घाबरते.

तुझा सेट लागला का? नसेल तर त्यालाच विचार, मला विचारू नकोस. माझ्यावर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा भाऊ