कोरडी सौना

१४ जानेवारी
बाबांच्या सौनात, अंगणातल्या त्या घाम काढायच्या लाकडी खोलीत, आज नवी विजेची शेगडी बसवली. नेटला जोडलेली! बसवणारा म्हणाला, "दार लागलेलं असलं की फोनवरून कुठूनही पेटते. किती तापली, हवा किती दमट झाली, सगळं तुम्हा दोघांच्या फोनवर दिसेल." मी विचारलं, आणखी कुणाला दिसेल? तो नुसता हसला.

बाबांना ती नकोच होती. "शेगडी आहे की पोलीस?" म्हणाले. पण आमचं ठरलं आहे. आई गेल्यापासून ते तळ्याकाठी एकटे. मी म्हणतो, शहरात, लाहतीला माझ्याकडे चला. ते म्हणतात, "ज्या शनिवारी माझी सौना तापणार नाही, त्या शनिवारी ये मला न्यायला. तोवर तोंड बंद."

२१ जानेवारी
शनिवार. सहाला पेटली, ऐंशी अंशांपर्यंत गेली. शेगडीच्या तापल्या दगडांवर पाणी पडेल तशी फोनवर दमटपणाची रेघ वर-खाली. बाबा ठीक! फोन करायची गरजच पडली नाही.

२४ जानेवारी
फोनवर सौनात वापरायच्या, बर्च झाडाच्या वासाच्या तेलाची जाहिरात. आम्ही सौना तापवतो हे यांना कुणी सांगितलं? शेगडीनंच! अटी बसून वाचल्या. 'आमचे भागीदार' हे शब्द जागोजागी. भागीदार कोण — ते कुठेच नाही.

४ फेब्रुवारी
सहाला पेटली. पण आज दमटपणाची रेघ अगदी सरळ. म्हणजे दगडांवर पाणी पडलंच नाही. लॉयलू नाही! ती वाफ उठवल्याशिवाय सौनात बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि बाबा? ते तर कोरड्या सौनाला 'पावाची भट्टी' म्हणतात.

५ फेब्रुवारी
कंपनीला फोन. बाई गोड आवाजात म्हणाली, "आम्हाला इथून सगळं ठीक दिसतंय." म्हणजे त्यांना दिसतं!

मग बाबांना फोन.
"काल लॉयलू कशी होती?"
"मऊ."
"पाणी टाकलंत ना?"
"नाही, कॉफी टाकली! काय विचारतोस?"

खोटं कोण बोलतंय? शेगडी की बाबा? मागे चाकांचा खडखडाट ऐकू येत होता. टीव्ही आहे, म्हणाले.

११ फेब्रुवारी
परत सरळ रेघ. माझा पासवर्ड बदलून पाहिला — काही फरक नाही. बाहेरचा कुणी शिरलाय का? की बाबांकडे कुणी राहायला आलंय, जिला वाफ सोसत नाही? लिहितानाही लाज वाटते. पण शंका येते, ती येतेच.

१८ फेब्रुवारी
न सांगता बाबांकडे गेलो. अंगणात गुडघाभर बर्फ, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. घरात अंधार. सौना मात्र रणरणत होती! बादली कोरडी. बसायच्या फळीवर कुणी नाही. मी मुख्य बटण बंद केलं. 

शेजारच्या आइलीबाई बॅटरी घेऊन आल्या. "आलास का शेवटी! अरे, जानेवारी संपता संपता त्याला हॉस्पिटलात नेलं. मिक्केलीला. मला शपथ घालून गेला. 'पोराला शेगडी दिसते, तेवढं बास. त्याला काही कळवू नकोस,' म्हणाला."

म्हणजे दर शनिवारी खाटेवर पडल्या पडल्या अंगठ्यानं पेटवत होते! माझ्यासाठी. आणि मी कंपनीवर, भागीदारांवर, कुणा नसलेल्या बाईवर संशय घेत बसलो होतो.

१९ फेब्रुवारी
बाबांच्या खाटेशी बसून, त्यांच्यादेखत माझ्या फोनमधलं शेगडीचं ॲप काढून टाकलं.
"आता तुला माझं कसं कळणार?"
"विचारीन."
"मग खरं सांगावं लागणार," म्हणाले. आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

जूनपर्यंत. फार तर.