मंगळाचा दगड आणि एक मूठ गहू

धुळे, ८ ऑगस्ट १९९६

मंगळाच्या दगडात जीव! म्हणजे कधीकाळी असावेत, अशा खुणा. रेडिओवर ऐकता ऐकता चहा उतू गेला.

स्टाफरूममध्ये दगड न पाहताच वाटण्या सुरू — भूगर्भवाले म्हणतात दगड आमचा, केमिस्ट्रीवाले म्हणतात त्यातला कार्बन आमचा, फिजिक्सच्या रतिलाल सरांनी अख्खं आकाशच घेतलं. मी म्हटलं, जीव तेवढा बॉटनीला ठेवा! पण खरं तर यात एकट्या कुणाचंच भागणार नाही. प्राचार्यांनी चौघांनाही एकत्र मुलांपुढे बोलायला सांगितलंय.

१३ ऑगस्ट

सोनोग्राफी. "पिशवी दिसतेय. ठोका अजून नाही. पंधरा दिवसांनी बघू."

मागच्या वर्षीही डॉक्टरबाई हेच म्हणाल्या होत्या. नंतर ठोका दिसलाच नाही. सगळं संपलं, आणि घरात कुणी विषय काढला नाही. मीही नाही. या वहीतसुद्धा नाही.

रिक्षात ह्यांनी माझा हात धरून ठेवला. फार भीती वाटते.

१४ ऑगस्ट

खूण आहे, पुरावा नाही. मी आणि तो दगड, दोघे एकाच रांगेत!

२० ऑगस्ट

भाषणं झाली. रतिलाल सर रंगात आले की घड्याळ बघत नाहीत, त्यामुळे मला थोडाच वेळ मिळाला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तो जीव मेलेलाच ना? मग त्याचं एवढं काय?"

म्हटलं, "मेला म्हणजे आधी होता. होता एवढं जरी कळलं, तरी विश्वात आपण एकटेच नाही हे कळेल."

आणि पदर डोळ्यांना लावला. सरांनी वेळ मारून नेली. त्यांना वाटलं, मला घाम आला.

२२ ऑगस्ट

रविवारी कानबाई देवीचा सण. आज अक्का — सासूबाई — नैवेद्याच्या रोटाचे गहू काढायला बसल्या. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि सुपात एक मूठ टाकायची. आबांची झाली, ह्यांची, भाऊजींची, माझी, शेवटी स्वतःची. मग थांबल्या, आणि आणखी एक टाकली.

माझं डोकंच फिरलं. "अक्का, ठोका दिसला नाही अजून! एवढ्यात कशाला मोजता?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "हाई आतेनी नही, माय. मांगनानी शे. त्यानी मूठ कोनीच काढी नही व्हती. तो बी आपलाच व्हता ना?"

मागच्या वर्षीच्या त्या जीवाची मूठ! मी सुपाशीच बसले आणि पोटभर रडले. वर्षभराचं रडू होतं. अक्कांनी सूप बाजूला सरकवलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं. म्हणाल्या, "गहू वल्ला व्हतीन."

२५ ऑगस्ट

कानबाई बसली. रोट घरच्यांनीच खायचा असतो. सहाव्या मुठीचा वाटा सगळ्यांनी मिळून खाल्ला. पहिला तुकडा अक्कांनी मला दिला. ह्यांना कळलं होतं, खाली मान घालून जेवले.

२८ ऑगस्ट

ठोका दिसला!

अक्कांना सांगितलं. कानबाईच्या फोटोला हात जोडून म्हणाल्या, "पुढला साल दोन मुठी जास्त काढसू. एक मांगनानी, एक आतेनी."