ऐनाचा जून पाला

सावली
दि. ५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रंजीतास,
सासूचे अनेक आशीर्वाद. इथं सर्व खुशाल. मार्कंडादेवाच्या कृपेनं धान कापणीला आलं, ह्यांचा, तुझ्या मामाजींचा, गुडघाही बरा आहे. प्रफुल्ल वेळेवर जेवतो, पण बोलत नाई. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून एकाच कागदावर बारीक लिहिते.

ऐनाच्या झाडांवरच्या कोसा रेशमाच्या किड्यांनी यंदा चांगली साथ दिली. किडे झाडावर असेपर्यंत आपण पथ्य पाळतो तसं पाळलं, घरात मासळी आली नाई. मधे रोग मात्र आला. वीस किडे सुस्तावले. शेंड्याचा कोवळा पाला सोडून खालच्या जून पानांकडे सरकू लागले, तेही थोडंच कुरतडत. मला वाटलं, चांगलं खाल्लं की उठतील. अकरा किडे उचलून कोवळ्या पाल्यावर ठेवले. ते खाली आले. मी पुन्हा वर ठेवले.

मामाजी बांधावरून ओरडले, "काऊन उचलतेस वं? त्याच्या पोटाचं त्याले समजते, तुले नाई!"

मी ऐकलं नाई. अकरातले दोन वाचले. जिथं माझा हात पोचला नाई, त्या नऊंपैकी सहांनी कोसे विणले. वहीत तसं लिहून ठेवलं होतं, ते रेशीम खात्याच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, आजारी किडा कधी खाणं कमी करतो, कधी बदलतो. ते त्याचं औषधच समजा. पुढल्या वेळी हात लावू नका."

तुला कावीळ झाली तेव्हा तू पेजेशिवाय काही मागत नव्हतीस. मी तुपाचा वरणभात तोंडाशी धरला. दोनदा ओकलीस, तरी तिसऱ्यांदा धरला. वरून म्हटलं, "माहेरी असेच लाड होते काय?" तू पिशवी भरून माहेरच्या, चामोर्शीच्या बसला गेलीस, तेव्हा मी दारातच उभी होते. प्रफुल्लला मात्र सांगितलं, रुसून गेली, काऊन ते माहीत नाई.

काल त्याला खरं सांगितलं. तो ताटावरून उठला नाई, ओरडला नाई. एवढंच म्हणाला, "आई, हे तिले सांग."

कोसे उतरले, पथ्य सुटलं. रविवारी मासळी करते आहे. पेजेचं पातेलंही चुलीशेजारी राहील. आलीस तर जे पाहिजे, जेवढं पाहिजे, ते तुझ्या हातानं घे.

हात आवरून बसलेली,
तुझी सासू केसरबाई