दांडग्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, आयुष्यभर घरकाम, देवाला स्मरून आणि पुरत्या शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून वळवण्याचा प्रयत्न झाला, तो पुढे येईलच. परवा माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. त्यांचे काय जाते म्हणायला!

१. राहते घर यजमानांनी माझ्या नावे केले होते. ते मुलगा आणि सून या दोघांच्या समाईक नावे व्हावे. मुलाला हे टोचेल. टोचू दे. एकट्याच्या सहीने ते विकता येऊ नये, एवढाच हेतू.

२. पोस्टातील ठेव नातीच्या शिक्षणासाठी. घरात कोणाला नव्या टीव्हीची कितीही निकड भासली तरी तिला हात लावू नये.

३. यजमान लेथवर काम करीत. त्यांच्या कानशी, पकडी व मोजमापाची हत्यारे त्यांच्या कारखान्यातील जोडीदाराला द्यावीत. तेल लावून ठेवली आहेत. शिलाई मशीन शेजारच्या शिंपीणबाईंना ठेवायचे होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून ते आज सकाळीच उचलून दिले. आता त्या सही करायला मोकळ्या.

४. (हे कलम खोडून पुन्हा लिहिले आहे.) आता दांडगा. हा आमचा कुत्रा. जात रानडुकरांच्या शिकारीची, रंग पांढरा, डोके घमेल्याएवढे. यजमानांनी निवृत्तीनंतर आणला. "एवढंसं तर पिल्लू आहे गं!" म्हणाले. पिल्लाला वर्ष व्हायच्या आत ते गेले आणि पिल्लू माझ्या गळ्यात पडले. मी जप करणारी बाई. माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा मांसाने कधी ओलांडला नव्हता. मागल्या अंगणात वेगळी शेगडी मांडली, वेगळे पातेले केले आणि देवाला सांगितले, याला असा तूच घडवलास, आता नाक मुरडू नकोस.

चामडी पट्ट्याचे पैसे वाचावेत म्हणून मी त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तिचे टोक मनगटाला गुंडाळले. मांजर दिसले. नळापर्यंत मी फरफटत गेले. दोरी स्वस्तातली, पण हाडाच्या डॉक्टरांनी सगळी बचत वसूल केली. तेव्हापासून मी त्याला ओळखायला लागले. भुंकणारा कुत्रा चावत नाही म्हणतात. हा भुंकतच नाही. आधी शेपूट थांबते, मग अंग लाकडासारखे होते. त्या वेळी हळू आवाजात एकदाच हाक मारायची. कान मागे वळला तर तो अजून आपला. ओरडले तर त्याला वाटते, आपणही शिकारीला निघालो. तो खात असताना कोणी जवळ जाऊ नये, लहान मुलाने तर नाहीच. एरवी माझ्या गुडघ्यावर डोके टेकून बसतो आणि जपात मन लागू देत नाही. हे लिहितानाही तीनदा उठून मी फाटकाची कडी पाहून आले. तोही माझ्यामागे येरझाऱ्या घालतो आहे.

माझे दीर शिकारीचे शौकीन. दर भेटीत एकच.

"वहिनी, हा कुत्रा नाही, बंदूक आहे. कपाटात ठेवून गंजवताय!"

"भावजी, बंदुकीला भूक लागत नाही. तुमच्याकडचे आधीचे दोन कुठे गेले?"

"एकाला डुकरानं फाडलं. चालायचंच."

मुलगाही त्यांच्याच बाजूचा. "आई, तू इस्पितळात. याला कोण बघणार? काकांना देऊन टाक." दुसरा मार्ग दिसेना, म्हणून मी या कलमात दिरांचे नाव लिहिले होते.

मग रविवार आला. दीर आलेले. काकांना ऐट दाखवायला मुलाने साखळी सोडली. "तो मला ओळखतो गं!" फाटक उघडेच. बाहेरून एक बाई शेळी घेऊन चाललेली. दांडग्याचे शेपूट थांबले. मी एकदा हाक मारली. कान वळला नाही.

फाटकाशी सून होती. ती त्याला इतकी घाबरते की अंगणात तो असला तर भिंतीला चिकटून चालते. तिने फाटक ओढले, कडी घातली आणि तिथेच मटकन बसली. तो फाटकाच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला पोचा आला आहे, पाहून घ्यावा. काका-पुतणे हसत होते. "घाबरट कुठली!" शेळी मेली असती तर लोकांनी दांडग्याला दोरखंडाने बांधून नेऊन मारले असते.

ते दोघे धीट आहेत. धीट माणूस कडी लावत नाही.

५. म्हणून दांडग्याचा ताबा सुनेकडे. बँकेतील बचत खाते त्याच्या खाण्यापिण्यासाठी व औषधासाठी तिच्याच नावे. मी तिला विचारले.

"आई, मला नाही जमायचं. तो नुसता श्वास घेतो ना, तरी माझे पाय लटपटतात."

"लटपटत होते तरी कडी लावलीस ना?"

"पोरगी फाटकाबाहेर खेळत होती म्हणून लावली. कुत्र्यासाठी नाही."

"तेवढं पुरे आहे."

"तुम्हाला पुरे आहे हो," असे म्हणून आत गेली.

६. सुनेने नकार दिल्यास गुरांच्या डॉक्टरांनी त्याला याच अंगणात सुई देऊन शांत करावे. पण शिकारीला जाऊ देऊ नये.

७. मांसाचे पातेले दिरांना. घासून द्यावे.

सह्यांपूर्वीची भर: वर लिहिलेले सुनेला वाचायला दिले. सहाव्या कलमाशी थांबली. मग म्हणाली, "हे आधी खोडा. मी हो म्हटलेलं नाही, आई. पण हे खोडा." सहावे कलम खोडले आहे. खाडाखोड माझ्या हातची व मला मान्य.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) शेजारच्या शिंपीणबाई
२. (सही) गुरांचे डॉक्टर

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२०