हिरव्या वहीत नाही ते

सोमवार, १४ ऑगस्ट

आज जेवणाआधीची प्रार्थना इल्वानं एकटीनं म्हटली! सगळी! माझ्या नवऱ्यानं, ओडमुंडनं, नेहमीसारखं तोंड उघडलं तर म्हणते कशी, "तू गप. मी." मग हात जोडून, डोळे इतके घट्ट मिटून की नाकाला सुरकुत्या पडल्या — "देवा, बटाटे दिलेस, मासा दिलास, छान केलंस. गाजर कशाला दिलंस? आणि मामाला बरं कर. आमेन."

मामा म्हणजे तिची आई. ओडमुंडचं आमेन खणखणीत. माझं ओठांपुरतं. रोज असंच होतं. घरात कुणाला कळत नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळतंच की.

हिरव्या वहीत लिहिलं : 'पूर्ण प्रार्थना प्रथमच स्वतः म्हटली.' ती वही बालकल्याणच्या बाईंनी दिलेली, इल्वाच्या आईसाठी. उंची, ताप, नवे शब्द, पडणं-झडणं, पोरीचं सगळं त्यात लिहायचं आणि आई भेटायला आली की तिला वाचायला द्यायचं. माझं मात्र ह्या वहीत. ही असते पिठाच्या डब्यामागे. ओडमुंड तिथं जन्मात हात घालायचा नाही.

बुधवार, १६ ऑगस्ट

उंची एकशे तीन सेंटीमीटर. दाराच्या चौकटीवर रेघ मारली. टाचा उचलत होती, लबाड!

शनिवार, २६ ऑगस्ट

दर दुसरा शनिवार रेनाटेचा, इल्वाच्या आईचा. अकरा ते एक, आमच्या स्वयंपाकघरात, बालकल्याणच्या बाई कोपऱ्यात बसलेल्या. शहरातून दीड तास बसनं येते. दुकानातले दालचिनीचे पाव घेऊन आली. मी पहाटे उठून घरी केलेले टेबलावर! तिनं आपली पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली. मी पाहिलं.

पंचवीस वर्षांची आहे. इल्वा अकरा महिन्यांची असताना नशेपायी बालकल्याणनं पोर काढून आम्हाला सांभाळायला दिली. आमच्याकडे आली तेव्हा इल्वा रडायचीसुद्धा नाही. नुसती बघत राहायची. तिला रडायला आम्ही शिकवलं, मग हसायला. आम्हाला मूल नाही, तेवीस वर्षं देवाकडे मागितलं होतं. मग ही आली.

आता रेनाटे दीड वर्ष नशेपासून लांब आहे. पोर परत मागितली आहे. नोव्हेंबरात त्याचा निर्णय करायला समिती बसणार.

हिरवी वही वाचताना ती ओळीवर बोट ठेवते, शाळेतल्या मुलीसारखं. प्रार्थनेचं वाचून हसली. "गाजराचं माझ्यावर गेलंय," म्हणाली. मग जरा वेळानं, "मी पाहिलं काहीच नाही. नुसतं वाचते." बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी कॉफी ओतली.

रविवार, ३ सप्टेंबर

शेजारणीच्या नातवाला चर्चचं पत्र आलं : ऑक्टोबरात चार वर्षांच्या सगळ्या मुलांना उपासनेत नाव घेऊन पुढं बोलावणार, पुस्तक देणार. दरवर्षीचंच आहे ते. इल्वाला पत्र नाही, कारण तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. तडक पाळकबाई सुन्निवाकडे गेले. सुन्निवा म्हणाली, "येऊ दे की तिला! पुस्तकं काय मोजून ठेवलीत का मी? फक्त आईला विचार."

बाप्तिस्म्याचंही विचारायचंय. दोन वर्षं मनात आहे. इथं, आपल्या चर्चमध्ये, चर्चच्या नोंदवहीत तिचं नाव लागलं तर — तर काय, तोरुन? तर ती तुझी होईल? लिहून टाकलं एकदाचं.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

चालवली! दोन चाकांवर! गोठ्यापासून टपालपेटीपर्यंत, कुणी न धरता! ओडमुंड मागं धावत होता, धापा टाकत, हात पसरून, आणि ती ओरडतेय, "सोड, सोड!" त्यानं तर केव्हाच सोडलेलं! टपालपेटीला धडकून थांबली, गुडघा फुटला, रडलीच नाही. मी एप्रनमध्ये तोंड खुपसून रडले. देवाचे आभार मानले मोठ्यानं, अंगणात उभं राहून. मेंढ्या बघत होत्या.

ओडमुंड बाकावर बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "उद्या रेनाटे येतेय. तिला वाटू दे, तिच्यासमोरच पहिल्यांदा जमलं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"बोलायचं नाही. गप्प बसायचं."

मी प्रार्थनाघरात वाढलेली बाई. आपल्याला खोटं चालत नाही ना! आत गेले आणि हिरव्या वहीत लिहिलं : 'शुक्रवार, सव्वाचार वाजता, सायकल आधाराशिवाय चालवली.' वेळसुद्धा घातली. चांगल्या अक्षरात.

शनिवार, ९ सप्टेंबर

तिनं वाचलं. बोट 'शुक्रवार'वर थांबलं. मग वही मिटून बाहेर गेली. इल्वानं तीनदा फेरी मारून दाखवली आणि रेनाटेनं तिन्ही वेळा हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. जाताना हसून म्हणाली, "एकच दिवस उशीर झाला मला."

ओडमुंडला जेवताना मीठ हवं होतं, माझ्याकडे न मागता उठून स्वतः घेतलं.

रविवार, १० सप्टेंबर

चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठले नाही; मन साफ नसेल तर घेऊ नये. सगळी रांग गेली, मी बाकावर. ओडमुंडनं वाकून विचारलं, "पाय दुखतोय?" म्हटलं, हो. हे मात्र खोटं बोलता आलं.

खरं काय ते देवाला माहीत आणि मलाही. सत्यासाठी नव्हतं लिहिलं मी. 'पहिलं मी पाहिलं, तू नाही', एवढंच सांगायचं होतं तिला. चांगल्या अक्षरात!

शनिवार, १६ सप्टेंबर

मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या. तीन कमी. इल्वा ओडमुंडच्या खांद्यावर बसून प्रत्येकीला नावानं हाक मारत होती. सगळ्यांची नावं चुकीची. एकीनंही तक्रार केली नाही.

शनिवार, २३ सप्टेंबर

विचारलं रेनाटेला. पुस्तकाचं ऐकून चेहरा उजळला. "घेऊ दे ना! मी येऊ का बघायला?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हटलं, ये की. 

मग बाप्तिस्म्याचं. ती कप फिरवत राहिली. "माझा झालाय. आजीनं केला. आजी होती तोवर सगळं ठीक होतं." आजी गेली तेव्हा ही चौदाची, आई त्याआधीच कुठंतरी निघून गेलेली. मला हे तीन वर्षांत माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, "इल्वाचा मला करायचाय. मी स्वतः उचलून नेईन पाण्यापाशी. तोवर थांबाल का?"

थांबाल का! पोर तिची आणि परवानगी मागतेय माझी. सायकलीचं बोलायचं होतं आज. शब्द ओठांपर्यंत आले तेवढ्यात इल्वानं दूध सांडलं. बरं झालं, असं वाटलं मला.

रविवार, ८ ऑक्टोबर

पुस्तकाचा रविवार. रेनाटे पहिल्या बसनं आली. इस्त्रीचा पांढरा सदरा. अगदी शेवटच्या बाकावर बसली.

सुन्निवानं एकेक नाव घेतलं. "इल्वा!" इल्वा मधल्या वाटेत आली आणि थांबली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागं. सगळं चर्च थांबलं. तेव्हा मागून रेनाटेचा आवाज, "जा राणी, तोतोबरोबर जा." तोतो म्हणजे मी.

मी हात धरून नेली. मागं वळून बघितलं नाही. पुस्तक निळं आहे, जहाजाचं चित्र. इल्वानं तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि उघडलं. सुन्निवाला तिला ओलांडून जावं लागलं! सगळे हसले.

नंतर चर्चमध्येच कॉफी आणि वॉफल. एक म्हातारी म्हणाली, "तोरुन, अगदी तुझ्यावर गेलीय हो पोरगी!" रेनाटे शेजारीच मुरंबा वाढून घेत होती. मी नुसती हसले. शरम वाटायला हवी होती. वाटली — घरी आल्यावर.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

समितीचं पत्र. भेटी कशा झाल्या, आईचं वागणं कसं, माझं म्हणणं लेखी द्यायचं. बाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या शब्दाला फार वजन आहे."

थेट चर्च गाठलं. सुन्निवा शिडीवर चढून दिवा बदलत होती. खालूनच सांगितलं — "रेनाटे बरी व्हावी अशी प्रार्थना माझ्याच्यानं होत नाही. उलटच मागावंसं वाटतं."

"मग तेच सांग त्याला."

"देवाला?"

"त्याला काय आज कळणार आहे? तू सांगितलंस की तुला कळेल. तो दिवा दे वर."

सोमवार, ६ नोव्हेंबर

चार पानं लिहिली. मधे बदलायची बस चुकली म्हणून रेनाटे एकदा अकरा किलोमीटर चालत आली, ते लिहिलं. तेवीस भेटी, एकही बुडवली नाही. इल्वा तिच्या मांडीवर झोपते तसं माझ्या मांडीवर झोपत नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. आणि सायकलीचंही : 'मी एक दिवस थांबू शकले असते. थांबले नाही. आईनं तरीही टाळ्या वाजवल्या.'

ओडमुंडनं वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाठव," म्हणाला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून गोठ्यात गेला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

समितीसमोर वाचून दाखवावं लागलं. सायकलीपाशी अडले. रेनाटे समोर होती. तिनं टेबलावरून पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

निकाल. इल्वा आईकडे जाणार. डिसेंबरात शनिवार-रविवार, जानेवारीत कायमची.

वाफवायला ठेवलेला कोबी करपला. ओडमुंड गोठ्यात दोन तास. मी तिच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसले. एवढे छोटे मोजे असतात का कुणाचे! काळीज तुटतंय, आणि मीच तर लिहून दिलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

इल्वाला सांगितलं, मामा आता बरी झाली. तिनं जेवणाआधी हात जोडले आणि अडली. "मग आता कुणाला बरं करायचं?" ओडमुंड म्हणाला, "माझी पाठ." तर ओडमुंडची पाठ!

रविवार, ३ डिसेंबर

पहिली रात्र आईकडे काढून आली. नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्याची जांभळी मेणबत्ती पेटवली. सांगत होती, मामानं गाजराचं सूप केलं आणि दोघींनी मिळून ओतून दिलं. मी हसले — मनापासून. हे नवीनच!

बुधवार, १३ डिसेंबर

आज संत लुसियाचा, दिव्यांचा दिवस. पाळणाघरात मुलांची मिरवणूक, पांढरे झगे, हातात दिवे. इल्वा सगळ्यात पुढं, कारण तिनं मागं राहायला साफ नकार दिला! गाण्याचं एकच कडवं येत होतं, तेच चारदा म्हटलं. केशराचे पाव मी केले होते, रेनाटेनं दुकानातले आणले होते. मी तिचे मधोमध ठेवले.

अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघी शेजारी उभ्या. रेनाटे हळूच म्हणाली, "मला भीती वाटते, तोरुन. घरी एकटी असले की."

म्हटलं, "सगळ्यांनाच वाटते गं," आणि पाव पुढं केला. तेवढ्यात इल्वा आली, दोघींच्या मधून घुसली, आणि बोलणं राहून गेलं.

मंगळवार, १९ डिसेंबर

सकाळी बाईंचा फोन. रेनाटे घसरली, पुन्हा नशा केली. रविवारी. कुणी पकडलं नाही — काल स्वतःच ऑफिसात जाऊन सांगितलं तिनं. आता इल्वा आमच्याकडेच. निदान दोन वर्षं, कदाचित कायमची.

ऑगस्टपासून हेच मागत होते मी. फोन ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसले.

दुपार. रेनाटे घरी एकटीच असेल. गाडी काढायला सांगितली. डबा भरला, लोकरीचं पांघरूण घेतलं, वरच्या रिकाम्या खोलीत चादर बदलली. ओडमुंड दारात — "इल्वा तर झोपलीय. तू निघालीस कुठं?"

म्हटलं, थोरलीला आणायला.