शेगडी आणि स्वीडिशांचा वेढा

ओल्शान्का,
मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस

आदरणीय कुनेगुंदाताईंस,

येशूची स्तुती असो, आणि तुमच्या पित्ताच्या खड्यांना सुबुद्धी होवो. (हे पाकीट वाटेत उघडणाऱ्या सरकारी साहेबांनाही नमस्कार. वाचा, पण परत चिकटवताना डिंकात काटकसर नको.) तुमचे लोकरी पायमोजे मिळाले. दोन्ही हातांत घातले आहेत.

मी मजेत आहे. नाकाचा शेंडा जागेवर आहे की नाही हे चाचपून पाहावं लागतं, पण मान ताठ आहे. मावशीच्या चेरीच्या बागेत तुम्ही झाडावर बसून कविता म्हणायचात आणि एक ओळ चुकली की मी खालून बी मारायचो, ते दिवस आठवले की अजूनही ऊब येते. सध्या घरात ऊब अशी तेवढीच. कारण माझी घर तापवणारी धुराड्याची शेगडी तुंबली आहे आणि आमच्या गावात शेगड्या दुरुस्त करणारा एकच माणूस आहे, त्याचं आडनाव लिंडक्विस्ट. स्वीडिश! स्वीडिश फौज आपल्या देशावर चालून आली होती, त्या जुन्या लढाईत त्याचा कुठलातरी खापरपणजा इथे मागे राहिला. याला स्वीडिश भाषेतलं आडनावाखेरीज एक अक्षर येत नाही, पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

तुम्हीच सांगा. तुमच्या वरच्या मजल्यावरचे झेनोन ओस्ट्रोगा साहेब दर शनिवारी वर्तमानपत्रात कादंबरीचं प्रकरण देतात, त्यात स्वीडिशांनी आपल्या किल्ल्याला वेढा घातलाय, आपली माणसं बुटांचं कातडं उकडून खाताहेत, आणि मी त्याच शत्रूला घरात घेऊन चहा पाजू? लिंडक्विस्ट शिडी मागायला आला. म्हणाला, "गुरुजी, धुराडं कोंदलंय, तासाभराचं काम आहे."

मी दारात आडवा उभा राहिलो. "किल्ला मिळणार नाही!"

"किल्ला घेऊन मी काय करू? शिडी द्या."

दिली नाही. आमच्या स्वयंपाकीणबाई मार्सेला तेव्हापासून घरात शाल, गोधडी आणि माझा जुना कोट असं सगळं एकावर एक घालून वावरतात आणि मला टोमणे मारतात. काल तर म्हणाल्या, "दोनशे वर्षांपूर्वीच्यांचा राग या लेकुरवाळ्यावर काढता, आणि आज जे उरावर बसलेत त्यांना रस्त्यात टोपी काढून सलाम करता!" (पाकीट उघडणारे साहेब, बाई हवामानाबद्दल बोलत होत्या.)

ताई, टोपी मी काढतो. पण चाळीस वर्षं राज्यकर्त्यांच्या परक्या भाषेत भूगोल शिकवला आणि दार लावून मुलांकडून आपल्या कविता पाठ करून घेतल्या, त्या कविता टोपीखालीच आहेत, त्या कुणी उतरवल्या नाहीत. आजच्या शत्रूचं नाव छापता येत नाही, म्हणून ओस्ट्रोगा साहेबांनी कालचा शत्रू दिला. मिळालाय तो मी सोडणार नाही. गोठून मरेन, पण शरण जाणार नाही!

मार्सेलाबाईंचा निरोप: वेडा म्हातारा आहे, मोजे आणखी पाठवा.

तुमचा आज्ञाधारक भाऊ,
बोनिफात्सी

ता. क. ओस्ट्रोगा साहेब हिवाळ्यापुरते बाहेर असले की त्यांना आलेली पत्रं तुम्हीच पुढे पाठवता ना? त्यांच्या कानावर घाला, की शाळेच्या पुस्तकात हा वेढा सव्वा पानात उठतो. ते तिकडे दक्षिणेत समुद्रकाठी संत्री सोलत बर्फाची वर्णनं लिहितात, त्यांचं काय जातं? पुढच्या शनिवारी वेढा उठवा म्हणावं. तेवढं जमत नसेल तर निदान एखादा सज्जन स्वीडिश घाला. हाताचा कसबी असला तर उत्तम.

दुसरा ता. क. घरी दौतीत शाई गोठते, म्हणून हे पत्र शत्रूच्या छावणीत, म्हणजे लिंडक्विस्टच्या स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. (कैदी म्हणून. बीटाचं सूप चांगलं असतं.) त्या घरात वाचता कुणालाच येत नाही, म्हणून शनिवारचं प्रकरण मीच मोठ्याने वाचतो. काल आपला बुरूज पडला तेव्हा लिंडक्विस्टने पळी आपटली आणि ओरडला, "मारा त्या स्वीडिश कुत्र्यांना!" मग डोळे पुसले. मला भरून आलं. म्हटलं, चल बाबा, घे शिडी. तर मान हलवून म्हणतो कसा, "नाही गुरुजी. माझं आडनाव हे असं. वेढा उठेपर्यंत तुमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. गुरुजींचा किल्ला स्वीडिशाने घेतला, असं गावात कुणी म्हणायला नको."

तेव्हा ताई, ओस्ट्रोगा साहेबांना पत्र नको, तार करा.